लहान कुत्रा गाडीवर बॅगेतून सारखा उठतो? आधी तो कधी उठतो ते बघा

लहान कुत्र्याला बॅगेत बसवून दुचाकीवर न्यायला लागलं की एक तक्रार हमखास येते. घरी बॅगेत शहाण्यासारखा बसतो, पण गाडी निघाली की थोड्या वेळाने उठतो, पुढचे पाय काठावर टाकतो, खांदे बाहेर काढतो आणि उडी मारायच्या बेतात येतो. आपण गाडी बाजूला घेतो, त्याला दाबून खाली बसवतो, आतला पट्टा थोडा आवळतो. पुढच्या चौकात पुन्हा तेच. शेवटी त्याला घरी ठेवायचं ठरतं, नाहीतर पट्टा इतका आखूड होतो की बिचाऱ्याला मानही वळवता येत नाही.

पट्टा आवळून हे थांबत नाही. पट्टा कुत्र्याला पडण्यापासून वाचवायला असतो, जबरदस्तीने बसवून ठेवायला नाही. कुत्रा चालत्या गाडीवर उठतो तेव्हा त्याला काहीतरी सोसत नसतं, आणि ते काय हे त्याच्या उठण्याच्या वेळेवरून बरंचसं कळतं. गाडी सुरू होताच उठतो, ब्रेक लागला की उठतो, पंधरा-वीस मिनिटांनी उठतो, की घाट लागला की उठतो? प्रत्येकाचं कारण वेगळं आणि इलाजही वेगळा. दोन-तीन फेऱ्यांत एवढंच लक्षात ठेवा, बाकी काही बदलू नका.

लहान कुत्रा म्हणजे इथे साधारण आठ किलोपर्यंतचा: पॉमेरेनियन, शित्झू, ल्हासा, पग, डॅशहंड किंवा गावठी पिल्लू. त्याहून मोठ्या कुत्र्याला दुचाकीवर नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पट्टा आणि बॅग आधी तपासा

आतला पट्टा गळपट्ट्याला अडकवलेला असेल तर आजच काढा. कुत्रा काठावरून घसरला तर सगळं वजन गळ्यावर येतं, आणि हेल्मेट घातलेल्या माणसाला मागे काय झालं ते कळतही नाही. पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातींत श्वासनलिका आत चेपली जाण्याचा आजार मुळातच जास्त दिसतो, त्यांच्या गळ्यावर ताण नकोच. छातीभोवती बसणारा हार्नेस घ्या, दोन बोटं आत जातील इतका घट्ट, आणि पट्टा त्याच्या पाठीवरच्या कडीला अडकवा. छातीवरच्या कडीला अडकवला तर पुढून ओढ बसल्यावर कुत्रा मागे रेटा देतो आणि हार्नेसमधून निसटतो.

लांबी घरीच ठरवायची. बॅग जमिनीवर ठेवा, कुत्र्याला आत बसवून पट्टा लावा आणि काठाच्या बाहेर चिकनचा तुकडा धरा. त्याला उभं राहता आलं, वळता आलं, नाक बाहेर काढता आलं तर ठीक. दोन्ही कोपरं काठाबाहेर आली तर पट्टा लांब आहे, कारण कोपरं बाहेर टेकली की उरलेलं अंग वर खेचायला एक खड्डा पुरतो. हे चारही बाजूंना करून बघा. बऱ्याच बॅगांत पट्ट्याची कडी एकाच भिंतीला शिवलेली असते. त्यामुळे उजवीकडे कुत्रा अडतो आणि डावीकडून आरामात बाहेर येतो. दोन भिंतींना दोन आखूड पट्टे लावले की हा प्रश्न तिथेच मिटतो. आणखी एक: स्वस्त बॅगांत ही कडी नुसत्या अस्तराला शिवलेली असते. हाताने जोरात ओढून बघा. अस्तर फाटायला लागलं तर बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून नवारीची पट्टी तळाखालून फिरवून शिवून घ्या. प्लास्टिकच्या हुकाऐवजी धातूचा घ्या.

बॅग गाडीला बांधायला सामानाची हूकवाली रबरी दोरी वापरू नका. ती ताणली जाते, धक्क्याला बॅग उचलली जाते आणि हूक सुटला तर डोळ्यावर बसतो. खटक्याचे, न ताणले जाणारे पट्टे घ्या आणि ते ग्रॅब रेलला, म्हणजे मागे बसणाऱ्याने धरायच्या दांडीला, किंवा गाडीच्या सांगाड्याला बांधा.

जागेबद्दलही बोलायला हवं. स्कूटरच्या फूटबोर्डवर उभा असलेला कुत्रा आपल्याकडे रोज दिसतो. तो दोन्ही बाजूंनी उघडा असतो, हँडल पूर्ण वळलं की त्याच्या डोक्याला लागतं आणि त्याने उडी मारली तर शेजारच्या रिक्षाखाली जातो. छातीवरच्या झोळीत घेतलं तर पडताना आपलं वजन त्याच्यावर येतं. मला सगळ्यात पटलेली जागा म्हणजे मागची सीट: कडक तळाची बॅग, सीटवर जितकी पुढे येईल तितकी पुढे. मागच्या रॅकवर ठेवू नका. रॅक मागच्या चाकाच्याही मागे लोंबता असतो, त्यामुळे स्पीडब्रेकरवर सगळ्यात मोठा दणका तिथेच बसतो. शिवाय रॅकला सोसणारं वजन अनेकदा पाच-सात किलोच असतं आणि त्यात बॅगही मोजावी लागते. कुत्रा मागे असला की तो दिसत नाही, म्हणून हँडलला एक जादा गोल आरसा लावून तो बॅगेकडे वळवा. नेहमीचे आरसे रस्त्यासाठीच राहू द्या.

ब्रेक लागला की किंवा खड्ड्यात उठतो

आपल्या रस्त्यांवर हे सगळ्यात जास्त आढळणारं कारण, आणि याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. दोष बॅगेच्या तळात असतो. मऊ तळाच्या बॅगेत कुत्रा बसला की तळ झोळीसारखा खाली जातो, चारही पाय मध्यभागी गोळा होतात आणि त्याला रोवून बसायला आधारच उरत नाही. ब्रेक लागला की तो पुढे घसरतो, गाडी सुटली की मागे. थोड्याच वेळात त्याला कळतं की पकडायला एकच जागा आहे, ती म्हणजे बॅगेचा काठ. मग तो काठावर पाय टाकून उभा राहतो. आपल्याला वाटतं त्याला उडी मारायची आहे. तो तर पडू नये म्हणून धडपडत असतो.

याची खूण बॅगेतच सापडते. तळाची गादी काढा आणि उजेडात तिरकी धरून बघा. आमच्या पॉमेरेनियनच्या जुन्या बॅगेत रेक्झिनवर नखांचे चरे होते, सगळे पुढून मागे गेलेले, एकही आडवा नाही. वळणावर आमच्या कुत्रीला काहीच अडचण नव्हती. अडचण होती ती फक्त ब्रेकची.

इलाज फारसा खर्चाचा नाही. तळाच्या मापाचा सहा मिलिमीटरचा प्लाय कापून घ्या आणि कडा पॉलिश पेपरने घासून गोल करा. त्यावर योगा मॅटचा तुकडा वेल्क्रोने घट्ट बसवा, कारण मॅटच सरकायला लागली तर सगळं व्यर्थ. मॅटवर पातळ सुती कापड चालेल, पण तेही कोपऱ्यांना अडकवलेलं हवं. जाड उशी, सॅटिन, मखमल नको. कुत्र्याला आत वळून आडवं होता येईल एवढीच जागा असावी. बॅग त्याहून मोठी असेल तर दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या करून ठेवा. अंगाला दोन्हीकडून आधार लागला की बरेच कुत्रे आपोआप खाली बसतात.

कुत्र्याला बसवण्याआधी ही बॅग रिकामी तपासू नका. त्याच्या वजनाएवढी कणकेची पिशवी आत ठेवा, झिप लावा आणि नेहमीच्या रस्त्याने, त्याच स्पीडब्रेकरवरून एक चक्कर मारा. परत आल्यावर बॅग एका बाजूला कलली आहे का, पट्टे सैल पडले आहेत का, पिशवी आत कुठे सरकली ते बघा. पीठ जिथे सरकलं तिथेच कुत्रा सरकणार.

उरलेला भाग आपल्या चालवण्याचा. सिग्नल लांबूनच दिसत असतो, तिथपासून थ्रॉटल सोडायला लागा. ब्रेक हळूहळू, दोन्ही. कुत्रा बरोबर असताना ताशी चाळीस-पन्नासच्या वर जायचं काही कारण नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला तशीही बंदी आहे, तेव्हा जुन्या रस्त्यांनी निवांत जायचं ठरवूनच निघा.

पंधरा-वीस मिनिटांनी उठतो

सुरुवातीला नीट बसलेला कुत्रा ठरावीक वेळाने तोंड उघडून डोकं बाहेर काढत असेल तर आधी उष्णतेचा संशय घ्या. कुत्र्याला घाम फक्त पंजांच्या तळव्यांना येतो. अंग थंड ठेवण्याचा त्याचा खरा मार्ग म्हणजे धापा टाकणं, आणि त्यासाठी आजूबाजूची हवा सतत बदलती लागते. बॅगेत नेमकं तेच होत नाही.

आपल्याला वाटतं गाडीवर वारं भरपूर असतं. ते आपल्याला लागतं. आपल्या पाठीच्या अगदी मागे हवा जवळजवळ साचलेली असते, आणि बॅग तिथेच असते. दोघांच्या मध्ये बॅग धरून बसलं तर आणखी वाईट, दोन्हीकडून अंगाची ऊब. टाकीवरच्या बॅगेला खालून इंजिनची धग लागते, विशेषतः सिग्नलला उभं असताना. बाजूला लटकणारी बॅग असेल तर सायलेन्सर कुठे आहे ते बघा. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींना तो उजवीकडे असतो, तिकडे धग आणि धूर दोन्ही. त्या बाजूला कुत्रा कधीच नको.

खात्री करायला घरातला साधा थर्मामीटर रिकाम्या बॅगेत ठेवा आणि ज्या वेळी कुत्र्याला नेता त्याच वेळी वीस मिनिटांची चक्कर मारा. आतला आकडा बाहेरच्यापेक्षा दोन-तीन अंशांनी जास्त असेल तर बॅगेला समोरासमोरच्या दोन भिंतींत जाळी हवी. एकाच बाजूची जाळी पुरत नाही, कारण हवा आत येऊन बाहेर जायला वाट लागते. काळी बॅग असेल तर वरून पांढरं कापड शिवून घ्या. पावसाळ्यात बॅगेबरोबर आलेलं प्लास्टिकचं कव्हर सगळ्या जाळ्या झाकून टाकतं. बाहेर गार वाटत असलं तरी दमट हवेत धापा टाकून अंग नीट थंड होत नाही, म्हणून कव्हरखाली कुत्रा पावसातही तापतो. जोराचा पाऊस असेल तर थांबणंच बरं.

एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात दिवसा कुत्र्याला दुचाकीवर काढू नये. पुण्या-नाशकातही उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत पोहोचायचं. कोकणात अंतर कमी आणि विसावे जास्त. उतरवताना हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवून बघा. आपल्याला सोसलं नाही तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही.

पग, शित्झू, बुलडॉग यांच्यासारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना धापा टाकणंच नीट जमत नाही. त्यांच्यासाठी वरचे सगळे नियम आणखी कडक धरा आणि उन्हाळ्यात त्यांना बॅगेत घालूच नका.

उष्माघात ओळखता आला पाहिजे. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं. ४० च्या वर धोका सुरू होतो. घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या, उलटी, बोलावल्यावर न बघणं यातलं काहीही दिसलं तर सावलीत घ्या, साध्या पाण्याने पोटापासून पंजांपर्यंत सगळं अंग भिजवा आणि कशानेही जोरात वारा घाला. बर्फ नको. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो थोड्याच वेळात गरम होऊन उष्णता आतच अडकवतो. शुद्धीवर असेल तर घोट-घोट पाणी पाजा. थंड करायला तिथेच सुरुवात करायची आणि मग डॉक्टरांकडे न्यायचं, तो सावरलेला दिसला तरीही, कारण आतल्या अवयवांवरचा परिणाम नंतर दिसतो.

घाट लागला की उठतो

खंबाटकी, पसरणी, ताम्हिणी, वरंधा, कुठलाही घाट घ्या. कुत्रा आधी ओठ चाटतो, मग जांभया देतो, मग हनुवटीखाली लाळेचे धागे दिसतात, आणि मग उठतो. त्याला मळमळतंय. पिल्लांत हे जास्त असतं, कारण कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा अजून पक्की झालेली नसते. वर्षाच्या आसपास अनेकांचं आपोआप कमी होतं.

निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका, पाणी चालेल. अगदी लहान पिल्लू असेल तर किती वेळ उपाशी ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा. घाटात वळणावर गाडी झटक्याने तिरकी करू नका, आणि चढ संपला की दहा मिनिटं उतरवून जमिनीवर चालवा. एवढ्याने भागलं नाही तर मॅरोपिटंट नावाचं कुत्र्यांसाठीचं उलटीचं औषध आहे. ते डॉक्टर वजनावरून ठरवून देतात आणि साधारण दोन तास आधी द्यायचं असतं. आपल्या घरातली प्रवासाची गोळी अर्धी करून देऊ नका. झोपेचं औषध तर नकोच. गुंगीतला कुत्रा तोल सावरू शकत नाही आणि त्याला अंगाचं तापमानही नीट राखता येत नाही.

लाळ बॅग बघताच किंवा फाटकापाशीच गळायला लागली तर ती मळमळ नाही, भीती आहे.

गाडी सुरू होताच उठतो

भीतीचं हे दुसरं रूप. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंत. चेनची करकर, ब्रेकची बारीक शीळ हे त्याच्यासाठी मोठे आवाज असतात. बदललेला फटफट्या सायलेन्सर असलेल्या गाडीवर कुत्रा नेऊ नये.

इथे घाई केली तर सगळं बिघडतं. बॅग घरात त्याच्या नेहमीच्या झोपायच्या जागी उघडी ठेवा आणि जेवण त्यातच द्या. तो स्वतःहून आत जाऊन झोपायला लागला की बॅग उभ्या गाडीवर बांधा, इंजिन बंद. मग कोणीतरी लांब दुसरी गाडी सुरू करावी आणि आपण त्याला आवडीचा खाऊ द्यावा. मग आपलीच गाडी, जागेवर. मग सोसायटीतली एक फेरी. ज्या पायरीवर तो खाऊ घ्यायचं नाकारेल त्याच्या एक पायरी मागे या. घाबरलेला कुत्रा खात नाही, याहून खात्रीची खूण नाही.

पट्टा आखूड करून घाबरलेल्या कुत्र्याला तसंच नेणं हे नुसतं निरुपयोगी नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात कलम ११ प्रमाणे वाहनातून प्राण्याला विनाकारण त्रास होईल अशा रीतीने नेणं गुन्हा आहे.

मधूनच, ठरावीक जागी

गल्लीतले कुत्रे भुंकत मागे लागतात तिथे तुमचा कुत्रा उठणारच. आधीच वेग कमी करा, वरची जाळी बंद ठेवा, शक्यतो रस्ताच बदला. तासाभराने अस्वस्थ झाला तर लघवीला न्या. गवतात उतरवलं असेल तर परत बसवण्याआधी कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघा.

पंजाने डोळा चोळत उठत असेल तर धूळ गेली आहे. साखर कारखान्यांच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीमागून जाताना पाचटाचे तुकडे उडत असतात. पगसारख्या बाहेर आलेल्या डोळ्यांना त्याने जखम होते. कुत्र्यांचे गॉगल मिळतात, काहींना ते सवयीने चालतात. नाहीतर जाळी लावून डोकं आत ठेवा. डोळा बारीक करून ठेवला असेल तर स्वच्छ सलाइनने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. घरातले जुने ड्रॉप्स घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर बुबुळाची जखम चिघळते.

काही कुत्र्यांच्या बाबतीत मात्र कारण शोधत बसू नये, त्यांना दुचाकीवर नेऊच नये: लसीकरण पूर्ण न झालेली पिल्लं, गाभण कुत्री, फिट येणारे, हृदयाचा आजार असलेले, आणि पाठीचं दुखणं असलेले डॅशहंड. या जातीत मणक्यांमधली चकती सरकण्याचा त्रास मुळातच जास्त, आणि आपले खड्डे त्यात भर घालतात.

चालत्या गाडीवर बाहेर आलाच तर

एक हात मागे नेऊन त्याला पकडायला जाऊ नका. दोघंही पडाल. हँडल दोन्ही हातांत ठेवून डावीकडचा इंडिकेटर द्या, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत कडेला या आणि इंजिन बंद करा. आधी हार्नेस पकडा, मगच गाडी स्टँडला लावा. तो पट्ट्यावर लटकत असेल तर पट्टा सोडण्याआधी पोटाखाली हात घालून वर उचला. तो जमिनीवर आपटला असेल तर नुसता उभा राहिला म्हणून बरा आहे असं समजू नका. हिरड्या पांढुरक्या दिसल्या, श्वास उथळ झाला किंवा पोटाला हात लावू देत नसेल तर वाट न बघता दवाखाना गाठा, आणि जाताना त्याला दुचाकीवर न नेता रिक्षा किंवा चारचाकीने न्या. पट्ट्यातून सुटून पळाला तर मागे धावू नका. खाली बसा आणि नावाने हाक मारा. हार्नेसवर तुमचा फोन नंबर असलेली चकती निघण्याआधीच लावलेली असावी, दोन नंबर कोरलेली, कारण एक फोन त्या वेळी हेल्मेटमध्ये अडकलेला किंवा बंद पडलेला असू शकतो.